पाठ पुढं, तोंड मागं

पूर्णा, ३० नोव्हेंबर

त्रिवेणी,

आशीर्वाद आधीच लिहून टाकते, पुढं रागाच्या भरात राहून जाईल म्हणून.

पत्र कशाला लिहायलीस म्हणशील. फोनवर तू "बरी आहे, जेवले, ठेवते" एवढंच बोलतीस. पत्र मधेच कट करता येत नाही. शिवाय तुमच्या पुण्याच्या कॅम्पात मोबाईल रविवारपर्यंत जमा करून घेतात, आणि माझ्या पोटात एवढे दिवस गोष्ट राहत नाही, तुला माहीतच आहे.

तर तुझ्या अण्णांनी आपला टेबल फॅन फोडला. वारा द्यायचा त्यानं कधीच सोडलं होतं, नुसती मान हलवायचा. त्यातली मान हलवायची गरारीच यांना पाहिजे होती म्हणे. बाकीचा फॅन हौदाजवळ उघडा पडलाय, त्यात कोंबडी बसायली. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून या माणसाला घरात कसं ठेवावं हेच मला कळेना. जन्मभर रुळावर हातोडा घेऊन चालले, आता चालायला अंगण पुरत नाही. आधी नळ दुरुस्त केला, मग चांगला चालणारा नळ दुरुस्त केला. आता परसात पत्रा, कानस, पक्कड मांडून दिवसभर ठोकत बसायलेत.

मी विचारलं, काय चाललंय? म्हणाले, चन्नबसम्मा काकूंच्या नातवाला खेळणं करायलोय. मला खरं वाटलं. मी आपली शेजारी गेले, म्हणलं काकू, नातू आलाय का? काकू म्हणाल्या, "अगं तो लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला हाय, त्याला मिशा आल्यात. त्याला कुठलं खेळणं?"

घरी येऊन नीट बघितलं. पत्र्याला पुढून टोक काढलेलं, मधे पाट ठोकलेला. नाव होती ती.

या घरात दोन वर्षं झाली नाव काढायची सोय नाही. तुझंही नाव नाही आणि पाण्यातलीही नाव नाही. तू पोलिसात लागलीस तेव्हा स्टेशनपासून गल्लीपर्यंत पेढे वाटत आलेला हाच माणूस. आणि तुझ्या साहेबांनी तुला होड्यांच्या शर्यतीत घेतलं हे कळलं त्या दिवशी ताटावरून उठलेला हाच. तेव्हा ते म्हणाले, "मी बापाचं वल्हं टाकलं म्हणून तुमाला पक्कं घर दिसलं." आणि तू काय म्हणालीस? "तुमी टाकलं न्हाई अण्णा, लाजून लपवलं." बाई गं, तुझी जीभ माझ्यावर गेली. तेव्हापासून तू यांच्या तोंडात "तुझी लेक" झालीस. माझ्या एकटीची, जणू मी तुला माहेरून आणली होती.

मी त्यांना काही विचारलं नाही. दुपारचा चहा तेवढा परसात नेऊन दिला. तूही फोनवर काही बोलू नकोस.

तुझी माय


पूर्णा, १७ डिसेंबर

त्रिवेणी,

तुझं पत्र आलं. "अण्णा पत्रा ठोकत असतील तर ठोकू दे, मला त्याचं काय," असं लिहिलंस. मग खाली दुसऱ्या शाईनं "केवढी आहे नाव?" असं का लिहिलंस? बापलेक एकाच मातीचे. सरळ विचारलं तर तुमची मान खाली जाती.

तीन फुटी आहे. आता पुढचं ऐक, आणि चिडू नकोस, चिडायचं काम मी करून घेतलंय.

परवा मी कपाट आवरायला काढलं तर तुझ्या शाळेतल्या खेळाच्या निळ्या शर्टाची एक बाही गायब. कापलेली, कात्रीनं नीट. मी परसात जाऊन यांची बिनपाण्यानं केली. म्हणलं, पोरीशी बोलायचं नाही आणि तिचे कपडे फाडायचे, ही कुठली रीत? मांडीवर काहीतरी झाकून बसले होते. मी फडकं ओढलं.

लाकडाची बाहुली होती. वीतभर. सागाची, कमरेत बिजागरी, खांद्याला आणि कोपराला सायकलची तार. तुझ्या बाहीचा शर्ट घातलेला. आणि पाठीवर लांब वेणी, काळ्या लोकरीची.

त्रिवेणी, मी तिथंच हौदाच्या काठावर बसले. किती बारकाईनं केलंय म्हणून सांगू. तुझी डावी भुवई लहानपणी पडून तुटली होती ना, ती पण तशीच कोरली. मग मला ती वेणी बघून लयच गलबललं, कारण यांना कुठं माहीत, तुझे केस आता कानाच्या वर आलेत ते. मी म्हणलं, "वेणी न्हाई आता. केस कापलेत तिनं." ते बाहुलीकडं बघत राहिले. "कवा?" म्हणाले. मी म्हणलं, कॅम्पात गेली तेव्हाच, पाणी लागून वाळत नव्हते म्हणून. दुसऱ्या दिवशी बघते तर वेणी उपटलेली आणि डोक्याला काळा रंग. वेणी फेकली मात्र नाही. खुंटीवर अडकवून ठेवली.

तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. त्यांनीही मला लग्नानंतर लय वर्षांनी सांगितली. गावाकडं गंगेवर तुझ्या आजोबांची नाव होती तेव्हा गाव त्यांना धान्य द्यायचं. सुगीत खळ्यावर पोतं धरून जायचं काम अण्णांकडं. खळं उठेपर्यंत उभं राहायचं, सगळ्यांचं मापून झालं की मग "आला का नावाड्याचा पोरगा" म्हणून खालचे, मातीमिसळ दाणे ओतायचे. शाळेतली पोरं तिथंच खेळत असायची. एकदा हेडमास्तरांची मुलगी बघून हसली, तर यांनी पोतं तिथंच टाकलं आणि आजोबांचा मार खाल्ला. म्हणून वल्हं म्हणलं की त्यांना पाणी दिसत नाही बाई, ते पोतं दिसतं. तू मेडल म्हणतीस, त्यांना पोतं ऐकू येतं.

हे मी त्यांची बाजू घ्यायला लिहीत नाही. तुझीही बाजू आहेच. तू पुण्यात सोन्याचा तुकडा आहेस असं तुझे कोच फोनवर म्हणाले, ते मी यांच्यासमोर मोठ्यानं दोनदा सांगितलं. पण तुला ठाऊक असलेलं बरं.

तिळाचे लाडू पाठवते, मैत्रिणींना दे.

तुझी माय


पूर्णा, ६ जानेवारी

त्रिवेणी,

आमच्या घरी सध्या एकच विषय, आणि तो मला झोपेतही बरळायला लावायलाय. वल्हं.

बाहुली नावेत बसवली. फॅनची गरारी खाली, तिला खेळण्यातल्या गाडीची मोटार, वर तारा बाहुलीच्या हातांना, दोन्ही हातांत एकेक वल्हं. बटण दाबलं की बाई कमरेत वाकती, हात पुढं, हात मागं. बघायला झकास. पण हौदात सोडली की नाव जागच्या जागी नुसती थरथरायची, थंडीतल्या म्हातारीसारखी. पुढं जाताना वल्हं जेवढं पाणी ढकलायचं, मागं येताना तेवढंच परत ओढायचं. अण्णांना हे कळायला आठवडा गेला. हे नावाड्याचे चिरंजीव! मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाले, मुठी नुसत्या मागंपुढं नको, सायकलच्या पायडलासारख्या गोल फिरल्या पाहिजेत. म्हणजे ओढताना वल्हं पाण्यात आणि परत येताना पाण्याच्या वर. सगळं उस्कटलं, परत जोडलं.

काल ती खरंच चालली. हौदाच्या या टोकाला सोडली, बाई वाकली, वल्हं बुडलं, आणि नाव निघाली. पण निघाली मागं! चपट्या अंगानं. टोकाचं तोंड आमच्याकडं आणि बूड पुढं करून हौदाच्या भिंतीला जाऊन धडकली. चन्नबसम्मा काकू भिंतीवरून बघायल्या होत्या, त्या म्हणाल्या, "बालाजीराव, पोरगी रुसून माघारी चालली की." यांचा चेहरा असा पडला की काकूंनी जीभ चावली.

मोटारीच्या तारा उलट्या लावून बघितल्या. मग वल्हं परत जाताना बुडायला लागलं आणि येताना वर. नाव पुढं गेली, पण बाई वल्हं ओढायच्या जागी ढकलायली, जातं लोटल्यासारखी. अण्णा म्हणाले, अशी न्हाई ती करत. मी म्हणलं, तुम्हाला काय माहीत ती कशी करती? तेव्हा बिंग फुटलं. बालाजीराव तुझी शर्यतीची क्लिप बघतात. कधीपासून, देव जाणे. चन्नबसम्मा काकूंच्या नातवानं लातूरहून यांच्या मोबाईलात पाठवली, मिशीवाल्यानं.

मग मीही बघितली. डोक्यावर टोपी, म्हणून यांना कापलेले केस दिसले नव्हते. त्यात तू डावीकडं चाललीस आणि तोंड उजवीकडं. मी म्हणलं, हे बघा, तोंड उलटं आहे. तर म्हणाले, "मोबाईलात चित्र उलटं येतं, आरशावानी. मी ते धरून सुलट केलंय." मी म्हणलं, आरशात माणूस उलटा आला तर नाव पण उलटी येणार का नाही? ते चिडले. म्हणाले, माझा बाप नावेत उभा राहायचा, बांबू हातात, नजर पल्याडच्या काठावर. कुठं चाललो ते न बघता नाव कोण चालवील? मेंढरू का माणूस?

आता तूच सांग. मी विचारायले असं यांना कळू देणार नाही. तुमी खरंच उलटं बसता का गं? लवकर लिही, नाहीतर हे आता शिवणयंत्राकडं बघायलेत.

तुझी माय


पूर्णा, २५ जानेवारी

त्रिवेणी,

तुझं पत्र वाचून मला एवढं हसू आलं की दळण सांडलं. मग एक युक्ती केली. अण्णा परसात होते. मी दारात सूप घेऊन तांदूळ निवडत बसले आणि तुझं पत्र मांडीवर ठेवून मोठ्यानं वाचायला लागले, स्वतःसाठी वाचल्यासारखं. शाळेत कविता म्हणायचे तसं.

"माय, आमी उलटंच बसतो. पाठ पुढं, तोंड मागं. दोन्ही हातांनी वल्ही छातीकडं ओढायची, सगळा जोर पायांचा. पुढं बघत तेवढा जोर लागतच नाही. अण्णांना म्हणावं क्लिप सुलटी आहे."

कानसीचा आवाज बंद झाला. मी मान वर केली नाही. खडा नसलेले तांदूळ परत निवडले. पुढं तू लिहिलंस ना, "त्यांना मी सांगितलं म्हणू नकोस," तेही माझ्या तोंडून वाचून गेलं. चुकून नाही, मुद्दाम.

दुसऱ्या दिवशी बाहुली फिरवून बसवली. हौदात नको म्हणाले, चार हात गेलं की भिंत लागती. मला म्हणाले, चल. मी, ते आणि त्यांच्या बगलेत नाव, असे पूर्णा नदीच्या बंधाऱ्यावर गेलो. लग्नानंतर हा माणूस मला आपणहून पाण्याजवळ घेऊन गेला, हे पहिल्यांदाच. गावाकडं गेलो तरी गंगेकडं पाठ करून बसायचे. नावेला सुतळी बांधली, बटण दाबलं, सोडली.

काय सांगू तुला. सरळ निघाली. बाई वाकायली, ओढायली, टोक पाणी कापायलं, आणि तिचं तोंड सगळा वेळ आमच्याकडं. लांब जायली पण आमच्याकडं बघत जायली. अण्णा सुतळी सोडत उभे. आणि मग म्हणाले, "तिरवेणी चालली बघ."

नाव घेतलं त्यांनी तुझं. मी पदर तोंडाला लावून रडले. धुणं धुणाऱ्या बायांनी वळून बघितलं, बघू दे. ते माझ्याकडं न बघताच म्हणाले, "म्हंजी तिला कुठं चालली ते दिसतच न्हाई?"

मी म्हणलं, नाही.

"मग काय दिसतं?"

मी म्हणलं, मागं राहिलेलं.

सुतळी संपली तरी ते तसेच उभे होते, मीच सुतळी हातातून घेऊन नाव ओढली. घराच्या दारात आल्यावर एक प्रश्न विचारला आणि तो तुला पाठवायला सांगितला. हो, सांगितला. "तिला विचार" असं म्हणाले. पुढं दिसत नाही तर नाव सरळ कशी ठेवतीस, हा प्रश्न. नीट उत्तर दे. तुझ्या बापानं दोन वर्षांत तुला विचारलेला हा पहिला प्रश्न आहे, त्याला वाकडं उत्तर दिलंस तर पुण्याला येऊन कान पिळीन.

तुझी माय


पूर्णा, ११ फेब्रुवारी

त्रिवेणी,

तुझं पत्र मिळालं. या वेळी ते मी वाचलं नाही. पोस्टमन आला तेव्हा मी चन्नबसम्मा काकूंकडं पापड लाटायला गेले होते. आले तर पाकीट फोडलेलं, आणि अण्णा चष्मा लावून पायरीवर.

तर तुला कळावं म्हणून लिहिते, त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मागच्या काठावरची एक खूण धरता, झाड नाहीतर खांब, आणि ती नजरेत हलली नाही की नाव सरळ, हे त्यांनी मला वाचून दाखवलं. आणि खालचंही वाचलं. "माय, भोपाळच्या तळ्यावर नॅशनल आहे. तू ये. शेवटच्या रेषेजवळ मांडव असतो, घरच्यांना तिथं बसवतात." तू ये. एकवचनी. अण्णांचं नाव नाही, "दोघं या" नाही. मला तुझा लय राग आला. माझ्या तोंडावर आलंही होतं की पोरगी घाईत लिहिती, विसरली असेल. पण त्यांनीच हात वर करून मला गप्प केलं. म्हणाले, "तिचं बरोबर हाय. मी कुठं बोलावण्यासारखं वागलो."

जेवले नाहीत नीट. मला वाटलं, झालं, परत ताटावरून उठणं सुरू. संध्याकाळी स्टेशनवर गेले. आले ते अमृतसरच्या गाडीचे दोघांचे पास करून. ती आपल्या पूर्णेवरूनच थेट भोपाळला जाती. मी म्हणलं, न बोलावता येणार? मांडवात तिनं तुम्हाला बघितलं आणि तोंड फिरवलं तर?

तेव्हा जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते.

"मी मांडवात बसणार न्हाई. त्या अंगाला तिची पाठ असती. मी सुरूच्या काठावर उभा राहतो."

मी म्हणलं, अहो तिथं कोण असतं? शर्यत तिथून निघून जाती. कोण जिंकलं ते कळायचं नाही, फोटो नाही, मेडल नाही, सावलीसुद्धा नसेल.

"जिंकलेली बघायला मांडवभर माणसं हायत. तिला खूण पायजे न्हवं?"

पोरी, तुला बोलावणं दुरुस्त करायला मी सांगत नाही, तुला वाटलं तर कर. तुमच्या कोचांना विचारून सुरूच्या अंगाला उभं राहायची परवानगी तेवढी काढून ठेव, नाहीतर हे पोलिसांशी भांडतील, आणि पोलीस तूच आहेस.

लांबून दिसावं म्हणून त्यांनी ट्रंकेतून नोकरीतली हिरवी झेंडी काढली. ती पार विटली होती. मी माझ्या पोलक्याच्या नव्या हिरव्या कापडाची मोठी शिवून दिली, दुहेरी टीप मारून, वाऱ्यानं फाटू नये म्हणून. दांडी तुझ्या अण्णांनी स्वतः तासली. काल अंगणात ती धरून उभं राहायची प्रॅक्टिस केली, हात न हलवता. मी म्हणलं, हात दुखेल. म्हणाले, शर्यत किती वेळाची असती ते तिला विचार, तेवढा वेळ न हलता उभं राहायला जमतंय का ते बघतो.

तर मी मांडवात असेन. मला शोधायला मान वळवू नकोस, नाव वाकडी जाईल. तू निघालीस की समोर काठावर हिरवं दिसेल, ते अण्णा आहेत. लहान लहान होत जातील, पण हलणार नाहीत.

तुझी माय